शेवटची गाठ

माझ्या मुलीला घरात सगळे मुगी म्हणतात. शाळेत कुणी काही विचारलं की ती मूग गिळून बसायची, म्हणून. तिच्या बाबांना वाटायचं, मोठी झाली की बोलेल. मला तेवढा धीर नव्हता. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. जे धूसर आहे ते आजच्या आज स्वच्छ दिसलं पाहिजे, हा माझा स्वभाव. म्हणून मीच तिला रविवारी रानात भटकणाऱ्या मुलांच्या गटात घातलं.

गट चालवणारी बाई आठवडाभर टपाल कचेरीच्या खिडकीत बसते. मुलं तिला ताई म्हणतात. तिने काय जादू केली कोण जाणे, पण मुगी बुटाच्या नाड्या स्वतः बांधू लागली, आपलं ताट धुऊ लागली, कोळी दिसला की किंचाळायचं सोडून त्याला कागदावर घेऊन खिडकीबाहेर ठेवू लागली. गाठींचा सराव तर इतका चालला, की पलंगाच्या पायांपासून बाबांच्या पायजम्यापर्यंत काही सुटलं नाही. हाक मारली तर मात्र अजूनही पुटपुटायची. माझा जीव तिथेच अडकला होता.

मदतीला एक पालक हवा होता, म्हणून एका रविवारी मीही गेले. डोंगराच्या कडेची वाट धुक्यात बुडाली की ताई एक लांब दोरी काढते. प्रत्येकाने दोरीची एकेक गाठ धरून चालायचं आणि ताईने हाक दिली की ओळीने "आहे" म्हणायचं. शेवटची गाठ मात्र रिकामी ठेवायची.

त्या दिवशी कुणाची तरी छोटी मामेबहीण सोबत आली होती. तिला गाठ उरली नाही.

"अहो, ती शेवटची मोकळी आहे की," मी म्हटलं.

"ती आम्ही कुणाला देत नाही."

"का?"

"मला ज्यांनी शिकवलं, ते देत नव्हते."

"म्हणजे कारण काहीच नाही. मग पोरीने काय धुकं धरून चालायचं?"

ताई गाठी पुन्हा मोजू लागली. तोवर मुगीने आपली गाठ त्या छोटीला देऊन टाकली आणि स्वतः शेवटची धरली. मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, चांगलाच वाटला.

मी ताईच्या मागे होते, तरी तिची पाठ दिसत नव्हती. एका बाजूला खडक, दुसरीकडे खोल दरी. ताईने हाक दिली. "आहे", "आहे" करत आवाज मागे गेले. सगळ्यांत शेवटी मुगीचं पुटपुटणं. आणि तिच्याही मागून, अगदी बारीक आवाजात, "आहे".

कुणीतरी खिदळलं.

"चेष्टा नकोय," ताई म्हणाली. "पुन्हा."

पुन्हा तसंच झालं. या वेळी कुणी हसलं नाही. मग दोरी ताणली गेली आणि ओळ थांबली. मागून कुणीतरी ओढत होतं.

दोरी चाचपत, एकेका मुलाला ओलांडत मी शेवटापर्यंत गेले. मुगीच्या उजव्या हातात गाठ होती. डावा हात मागे ताणलेला, आणि कोपरापुढे नुसतं धुकं. मी तिला कवेत घेऊन ओढलं. ती तसूभरही हलली नाही.

"ओढू नकोस, आई. तिला दुखतं."

"कुणाला?"

"ही तिची गाठ आहे. मी घेतली ना."

"मग देऊन टाक आणि चल!"

"आणि मी काय धरू? दोरी सोडायची नसते." तिचा आवाज माझ्यापेक्षा शांत होता. "मागे थोडी दोरी उरलीय. तू टोक धर."

मी टोक धरलं. तिने एका हाताने वेढा घातला, दातांनी दोरी आवळली. नवी गाठ झाली तसं माझ्या मुठीतून टोक कुणीतरी हळूच काढून घेतलं. बोटं गार होती आणि फार लहान होती. मुगीचा डावा हात मोकळा झाला.

ओळ चालू लागली. पुढचा सगळा रस्ता मी मुगीला चिकटून चालले, मागे न बघता.

पठारावर ऊन होतं. नवी गाठ गवतावर पडली होती, ओलीचिंब. ताई पुन्हा पुन्हा मुलं मोजत होती. मी मुगीला छातीशी धरून रडले. तिच्या मनगटावर बोटांचे वळ होते, तिच्या बोटांहून बारीक.

"ती पोचली," मुगी म्हणाली. मग ती माझ्या मिठीतून सुटली, धुक्याकडे वळली आणि तोंडाभोवती हात धरून ओरडली. इतकी वर्षं मी ज्या आवाजासाठी तळमळत होते, तो आवाज. खणखणीत.

"अजून कोणी आहे?"

"आहे," धुक्यातून आलं. त्याच्या मागून "आहे". त्याच्याही मागून, लांबून, आणखी लांबून, ऐकू येईनासं होईपर्यंत.

मी झडप घालून तिचा हात पकडला. दुसऱ्या हाताने ती ताईच्या पिशवीतली जादा दोरी काढत होती.

"सोड ना, आई," ती म्हणाली. "तू फक्त टोक धर."