बाबांचं नाक

एक गंमत करून बघा. चिमटीत नाक घट्ट धरा, डोळे मिटा आणि कुणाला तरी सांगा, माझ्या जिभेवर केकचा एक तुकडा ठेव. आता चावा. काय लागतंय? गोड लागेल, मऊ लागेल. पण दालचिनी? जायफळ? संत्र्याची साल? काही नाही. ओला कापूस चावल्यासारखं. आता चिमटी सोडा. बघा कसं सगळं एकदम धावत येतं, शाळा सुटल्यावर तुम्ही फाटकातून बाहेर पडता तसं!

आता अशी कल्पना करा, की ती चिमटी सुटतच नाहीये. सकाळी नाही, दुपारी नाही, तीन आठवडे झाले तरी नाही.

या गोष्टीतल्या बाबांचं असंच झालं होतं. ते बेकरीत भट्टीवर काम करायचे. सतरा वर्षं. भट्टीचं दार न उघडता, नुसत्या वासावर ते सांगायचे, "अजून दोन मिनिटं." आणि दोनच मिनिटं लागायची. मग त्यांना ताप आला. चार दिवसांनी ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला.

हे घरात एकीलाच ठाऊक होतं. ती त्यांची नऊ वर्षांची मुलगी. एका जागी बसत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. एका सकाळी तिच्या देखत बाबांनी नासलेल्या दुधाचा चहा केला आणि अर्धा कप प्यायलेसुद्धा.

"बाबा, ईऽऽ! दूध नासलंय!"

बाबांनी कपात बघितलं, मग तिच्याकडे. स्वयंपाकघराचं दार लावून ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"भिंगरे, हे आपल्या दोघांत हं. बेकरीत कळलं तर मला भट्टीवरून उठवतील आणि खोके बांधायला बसवतील. येईल वास परत. वर्षाअखेरची सुट्टी संपेपर्यंत येईल."

"आईला पण नाही सांगायचं?"

"आईला तर मुळीच नाही. ती त्याच दिवशी मालकांना फोन लावेल."

भिंगरीने गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली. त्या दिवसापासून ती बाबांचं नाक झाली. डावा कान धरला की 'बरोबर आहे', उजवा धरला की 'चुकलंय'. अशी खूण ठरली. पहिल्या आठवड्यात तिला त्यात मोठी मजा वाटली. दुसऱ्या आठवड्यात जरा कमी. बाबा कामावर गेले की तिला उगाचच वाटायचं, आता तिथे त्यांच्यासमोर कान धरून कोण उभं असेल?

मग वर्षाअखेरची सुट्टी लागली आणि केकचा दिवस आला.

यांच्या घरी सुट्टीचा केक पावाच्या लांबट साच्यात व्हायचा आणि तो करायच्या त्यांच्या काही पद्धती होत्या. मसाल्याच्या डब्यांवर नावं नसायची. "नाक दिलंय ना देवाने!" असं बाबाच म्हणायचे. घड्याळ लावायचं नाही, वास बदलला की केक झाला. आणि केक ओव्हनमध्ये असेपर्यंत स्वयंपाकघराची खिडकी बंद, दार बंद, कुणी आत यायचं नाही. वारा लागला की केक मधोमध बसतो. ओव्हन गॅसवरचा होता, जुना. त्याचं दार अलगद लावावं लागे. आपटलं की आतली ज्योत विझायची. पण बाबा मुळी ते दार मधे उघडायचेच नाहीत, त्यामुळे आजवर कधी अडलं नव्हतं.

त्या दिवशी आई कामावर होती. ती बस चालवायची, दुपारी येणार होती. घरात बाबा, भिंगरी आणि सुट्टीसाठी आलेली मोठी आत्या. आत्या खुर्चीवर बसून संत्र्याची साल किसत होती आणि तोंडही चालू होतं.

"अरे, किती चाळशील तो मैदा? बाळाला न्हाऊ घालतोयस का?"

"गाठी राहतात, ताई."

"तुझ्या डोक्यात राहिल्यात गाठी. मसाला घाल आता."

बाबांनी फळीवरून चार डबे काढले. लवंग, जायफळ, सुंठ आणि दालचिनी. निदान त्यांना तसं वाटलं. चौथा डबा उघडून त्यांनी चमचा भरला. पूड तपकिरी होती. जिऱ्याची पूडही तपकिरीच असते.

भिंगरीने उजवा कान धरला. बाबांचं लक्ष नव्हतं. चमचा भांड्यावर आला. तिने कान असा ओढला, की लाल झाला. तरी नाही! मग ती जोरात खोकली आणि खोकता खोकता तिने बाबांच्या कोपराला धक्का दिला. पूड ओट्यावर सांडली.

"अगं, भिंगरी की वावटळ?" आत्या ओरडली. मग तिने नाक वर केलं. "आणि हे काय? जिरं? केकमध्ये? भात करतोयस का फोडणीचा?"

"हात चुकला," बाबा हसले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"हात चुकला म्हणे. मगाचपासून बघतेय, बाप लेकीच्या कानाकडे बघून स्वयंपाक करतोय. काय भानगड आहे?"

"काही नाही, आत्या," भिंगरी म्हणाली. "माझा कान दुखतोय."

"कुठला?"

"दोन्ही."

आत्याने एकदा तिच्या दोन्ही कानांकडे बघितलं आणि पुन्हा साल किसायला घेतली.

केक ओव्हनमध्ये गेला. बाबांनी खिडकी लावली. थोड्या वेळाने आत्याला आठवलं, की वर भुरभुरायला पिठीसाखर नाही.

"भिंगरे, पळ. कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊन ये."

भिंगरीने बाबांकडे पाहिलं. ती गेली तर केक झालेला कळणार कसा? बाबांनी हळूच मान हलवली, जाऊ नको.

"राहू दे ताई, नंतर आणेल."

"नंतर कधी, खाऊन झाल्यावर? मी धुतलेले केस वाळवत गॅलरीत बसते, गॅलरीचं दारही ओढून घेते. नाहीतर तुझ्या केकला वारा लागायचा! पळ गं तू."

भिंगरी जिने उतरली ती दोन दोन पायऱ्या गाळत. दुकानात सात जण पुढे होते. एका आजोबांना बिस्किटांचा एक पुडा बदलून हवा होता, मग बदललेला परत बदलून हवा होता. भिंगरी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली. आता केक फुगला असेल. आता कडा तांबूस झाल्या असतील. आता वास बदलला असेल आणि बाबांना कळलं नसेल. केक करपला की आत्या आत येणार, म्हणणार, "भट्टीवाल्याला करपलेलं कळत नाही?" आणि मग सगळंच बाहेर पडणार. भिंगरीला त्या वेळी एवढीच भीती वाटत होती, की केक करपेल.

पुडा घेऊन ती धावत वर आली. गळ्यातल्या किल्लीने दार उघडलं. आतल्या बोळात अंधार होता. दिवा लावायला हात बटणाकडे गेला.

आणि थांबला.

केकचा वास नव्हता. करपल्याचाही नव्हता. कुजक्या अंड्यासारखा, घशात चिकटणारा वास होता, आणि हा वास कसला ते तुमच्या-माझ्यासारखं तिलाही ठाऊक होतं. आईने तिला दहादा घोकवलं होतं: गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबायचं नाही. काडी नाही, दिवा नाही, घंटी नाही.

तिने हात मागे घेतला. स्वयंपाकघराचं दार बंद होतं. केक आत असताना ते उघडायचं नाही, हे ती चालायला लागली तेव्हापासून ऐकत आली होती. क्षणभर, अगदी एकच क्षण, तिचा हात कडीवर थबकला.

मग तिने दार ढकललं.

बाबा ओव्हनसमोर गुडघ्यावर बसले होते. तुम्ही ओळखलं असेल काय झालं ते. वास येत नव्हता म्हणून त्यांनी केक बघायला ओव्हनचं दार उघडलं होतं. एकदा, दोनदा, चारदा. घाईत एकदा ते आपटलं होतं. ज्योत विझली, गॅस मात्र येत राहिला, आणि बंद खोलीत तो साठत गेला. बाबांनी पाचव्यांदा पाहिलं तेव्हा केक मधोमध बसलेला, फिक्का. ज्योत विझल्याचं त्यांना आत्ता कळलं होतं. त्यांच्या एका हातात काड्यापेटी होती, दुसऱ्या हातात काडी.

"दार लाव, दार लाव!" मान न वळवता ते म्हणाले. "आधीच बसलाय तो! विझली बघ. पेटवतो पुन्हा."

भिंगरीचा हात उजव्या कानाकडे गेला. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. काडी पेटीला टेकली.

"बाबा, काडी नको! गॅस आहे! सगळीकडे गॅस आहे!"

तिने असा आवाज याआधी कधी काढला नव्हता. बाबांचा हात जागीच गोठला. त्यांनी हवेत नाक वर केलं, सवयीने, आणि मग ते तसंच खाली केलं. काडी सावकाश पेटीत परत ठेवली, जणू ती काचेची होती. ओव्हनची कळ फिरवून गॅस बंद केला. खिडकी सताड उघडली. भिंगरीला काखेत उचललं, गॅलरीतून आत्याला हाताला धरून ओढलं, आणि तिघं बाहेर जिन्यावर आले.

"अरे, माझे केस ओले!" आत्या ओरडत होती. मग तिलाही दारातून वास आला. तिने भिंगरीला पोटाशी धरलं.

आई पोचली तेव्हा ते तिघं पायरीवर बसले होते. आईने काय झालं ते ऐकलं, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि तोंडाला रुमाल लावून एकटी आत गेली. सगळ्या खिडक्या उघडल्या, गॅसच्या नळीपासून टाकीपर्यंत सगळं तपासलं. बराच वेळ गेल्यावर म्हणाली, "हवा झाली स्वच्छ. या."

स्वयंपाकघरात थंडगार वारा सुटला होता. आईने ओव्हनमधून काढून ठेवलेला, मधोमध बसलेला केक टेबलावर होता. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

"मला एक सांग," आत्या म्हणाली. "तू त्याच खोलीत होतास. तुझं नाक काय गावाला गेलं होतं?"

बाबांनी एकदा भिंगरीकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती.

"सर्दी झालीय जराशी," बाबा म्हणाले.

"सर्दी?" आईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं, आरशात मागची गाडी बघावी तसं. "आवाज तर साफ आहे."

"होईल बरी."

"आणि उद्या? उद्या बेकरी उघडी आहे ना? रजा घ्या."

"छे, रजा कुठली. पहाटे भट्टी मीच पेटवतो. त्या वेळी कुणी नसतं, एकटाच असतो मी. निवांत असतं." बाबा केकच्या कडेचा चुरा बोटाने गोळा करत राहिले. "सर्दीने काय होतंय?"

भिंगरीने पिठीसाखरेचा पुडा अजून छातीशी धरलेला होता. एकटाच असतो मी. घरातला ओव्हन तर केवढासा होता. बेकरीची भट्टी तिने पाहिली होती, तीही गॅसवरचीच. तिच्यात भिंगरी उभी राहू शकली असती.

कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ होती. तिने ती गळ्याला चिमटा काढून घेतली होती. तिने गळ्याला हात लावून बघितला. मग पुडा टेबलावर ठेवला, स्टूल ओढलं आणि फळीवरून दोन डबे खाली काढले. दोन्ही सारखेच, नाव नसलेले. झाकणं उघडली. आई बघत होती. आत्या काहीतरी बोलणार होती, पण आईने तिच्या हातावर हात ठेवला.

भिंगरी बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, डोळे मिटा."

"भिंगरे..." बाबा हळूच म्हणाले.

"मिटा ना."

बाबांनी डोळे मिटले. तिने दोन्ही डबे त्यांच्या नाकाखाली धरले, एक डावीकडे, एक उजवीकडे. तिच्या दोन्ही हातांत डबे होते. कान धरायला एकही हात मोकळा नव्हता.

"यातली दालचिनी कुठली," तिने विचारलं, "ते आईला सांगा."