पाळणा पाचला बंद

गेटवरच्या पळसाला लटकवलेली मॅपलची प्लॅस्टिकची पानं एकशे शहाऐंशी. डोळे-तोंड रंगवलेले लाल भोपळे बावीस, त्यांतला एक कुजलेला. तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, गठ्ठे नऊ, त्यांवर बसून फोटो काढून घेणारी माणसं चौदा. आकाशपाळण्याचे डबे सोळा. हर्षानं हे सगळं तिकिटाच्या रांगेतच मोजून काढलं. बी.एस्सी. झाल्यापासून काही न मोजता नुसतं उभं राहणं तिला जमतच नसे.

साकोलीजवळच्या त्या पार्कात 'ऑटम फेस्ट' लागला होता. इकडे आसगावात घरचं लवकर पिकणारं हलकं धान कापून झालं होतं, भारी धानाला अजून आठ दिवस होते. तेवढ्या फटीत हर्षानं आईबाबांना एका दिवसासाठी घराबाहेर काढलं होतं. आईची, म्हणजे चंद्रभागाबाईंची, मागणी एकच होती: आकाशपाळणा. दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत दरवर्षी सगळे पाळण्यात बसायचे आणि ही खाली सगळ्यांच्या चपला राखत उभी राहायची. "बसीन तं तुह्या बाबासंगंच बसीन," असंही तिनं एसटीत बजावलं होतं. बाबा, तुलाराम, खिडकीबाहेर बघत "हो हो" म्हणाले होते.

पाळणा पाचला बंद होणार, अशी पाटी होती. साडेतीनला बाबा गायब झाले.

सापडले ते धानाच्या बांधीत, बांध घातलेल्या छोट्या खाचरात. पार्कानं पाहुण्यांच्या हौसेसाठी बारा मीटर बाय आठ मीटरची एक बांधी राखली होती. वर पाटी, 'कापणीचा आनंद'. नियम असा, की एका पाहुण्याला एकच मूठ कापायला मिळेल. बाबांनी एव्हाना एक अख्खी ओळ आडवी करून कापलेल्या मुठींच्या कडपा सरळ रेषेत मांडल्या होत्या.

"बाबा, तुमी इथं काय करून राहिले?"

"अवं, धान झडून राहिलं ना! दिसत नाही का तुले?"

गवती टोपी घातलेला पार्कातला पोरगा, मनिष, हात जोडून उभा होता. "काका, एका माणसाले एकच मूठ आहे जी. हे दिवाळीपर्यंत पुरवायचं आहे."

"दिवाळीपर्यंत? तवर पाखरं ठेवते का तुह्यासाठी? आन् विळा असा धरते का बापू? बोट जाईन तुहं."

लोकांना वाटलं, हा पार्काचाच माणूस. त्यांनी मोबाइल काढले. हर्षानं कपाळाला हात लावला.

चार दहाला ती पुन्हा आली. साठ चौरस मीटर कापून झालं होतं, छत्तीस उरलं होतं. मिनिटाला दीड चौरस मीटर. म्हणजे चार चौतीसला संपेल, हातपाय धुवायला पाच मिनिटं, मग पाळणा. चला, हिशेब बसत होता. ती आईजवळ तणसाच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली.

चार चौतीसला बघते तर चोवीस चौरस मीटर अजून तसंच उभं. बाबा एक कडप उचलत, झटकत, परत मांडत. मग बांध नीट करत. मग मनिषला विळ्याची धार दाखवत. वेग तिपटीनं कमी झालेला आणि अंगावर घामाचा थेंब नाही.

"दमले नाहीत, मुद्दाम करून राहिले!" ती आईकडे येऊन कडाडली. "दिवसभर एक काम सांगितलं होतं यायले!"

आई हसली. "तुले आज समजलं? पुंजणा रचताना कधी वर पाह्यलं का तुह्या बाबाले?"

हर्षा आठवू लागली. कापलेल्या धानाचा उंच पुंजणा दरवर्षी घरी रचला जायचा. वर उभी राहून भारे लावायची ती आई. बाबा खालून फेकायचे. आईचा हात चांगला म्हणून, असंच तिला वाटायचं.

"मंग माहीत असून हट्ट कायले करते?"

"तीस वर्सं मी वरून सारं पाहून राहिली, आन् ते खालून मलेच पाहून राहिले," आई पदर खोचत उठली. "एक डाव मले जे दिसते ते त्यायलेबी दिसू दे."

ती तडक बांधीत उतरली. मनिषच्या हातचा विळा काढून घेतला आणि उरलेलं धान नवऱ्याच्या बाजूनं कापत निघाली. बाबांनाही मग हात चालवावाच लागला. चार शेहेचाळीसला बांधी रिकामी.

"घ्या, सपलं. चला आता."

"अजून बांध..."

"चला म्हणते ना!"

"मावशी, उद्या पाहुण्यायले काय दाखवू?" मनिष रडकुंडीला आला.

"तणस दाखव," आई मागे न बघता म्हणाली.

चार बावन्नला दोघं डब्यात बसली. बसण्याआधी आईनं मंडईच्या सवयीनं चपला काढल्या, बाबांच्याही काढायला लावल्या, आणि दोन्ही जोड हर्षाच्या हातात दिले. बाबा सुई टोचून घ्यायला बसल्यासारखे दांडी धरून होते. पाळणा फिरला. पहिल्या फेरीला वरून आईचा आवाज आला, "डोळे उघडा!" दुसऱ्या फेरीलाही तोच. तिसऱ्या फेरीला, "अजी, तलाव पाहा ना तो!" चौथ्या फेरीला बाबांची मान तलावाकडे वळलेली दिसली.

बाबा उतरले आणि सरळ जमिनीवर बसले. "मले काही नाही झालं," ते म्हणाले.

"हात द्या इकडं." हर्षानं चपला खाली ठेवल्या, मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं. मग आईचं मनगट धरलं, पुन्हा एक मिनिट.

बाबांची नाडी एकशे बत्तीस. आईची अठ्ठ्याहत्तर.