परसातला पहारा

शिंप्यानं सांडपाण्याच्या मोरीच्या तोंडाशी आणखी एक वीट ठोकून बसवली, वर पत्र्याचा तुकडा दाबला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठता उठता मुंगसाला एक सणसणीत शिवी हासडली. काल ते कुंपणाच्या जाळीखालून उकरून आलं होतं, त्याआधी सरपणाच्या ढिगाआडून. एक वाट बुजवावी तर महाशय दुसरी काढणार, आणि परसात पुन्हा पिसं उडालेली असणार.

कोंबड्या सुनेच्या. एवढीशी पिल्लं होती तेव्हापासून खोक्यात, दिव्याच्या उबेला ठेवून तिनं वाढवलेल्या. ती दिवसभर कारखान्यात असायची, मुलगा ट्रक घेऊन बाहेरगावी. नजर अधू झाल्यानं शिवणकामाचं दुकान बंद करावं लागलं, तेव्हापासून म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मुंगसानं पहिली कोंबडी नेली त्या संध्याकाळी सुनेनं चपला काढता काढता विचारलं होतं, दिवसा जरा लक्ष ठेवाल का. तो ठेवतो म्हणाला. अख्ख्या घरात त्याच्या वाट्याला आलेलं हे एकच काम, आणि तेही धड जमेना. परवा मुलगा फोनवर म्हणाला, उरल्यासुरल्या विकून टाका, बाबांच्या डोक्याला ताप नको. म्हाताऱ्याच्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे हेही काम काढून घेणार.

प्रयत्नांत त्यानं कसर ठेवली नव्हती. जुन्या कोटाचं बुजगावणं केलं, खांदे मनासारखे बसेनात म्हणून पुन्हा उसवून शिवलं. मुंगूस त्याच्याच सावलीत बसून अंग चाटून गेलं. दोरीला रिकामे डबे टांगले, तर खडखडाटानं शेजारीण तेवढी घाबरली. तिचं आधीच तोंड वाकडं होतं, कारण कोंबड्या भिंतीवरून तिच्या पालेभाजीत उतरायच्या. तो तंटा मात्र त्यानं पहिली कोंबडी जायच्या आधीच परस्पर मिटवला होता. सून कामावर असताना एकेक कोंबडी मांडीत दाबून तिच्या पंखांची लांब पिसं कात्रीनं छाटून टाकली होती, दोन्हीकडे अगदी सारखी. कोंबडा तेवढा मनगटाला चोच मारून निसटला होता. त्यानंतर शेजारणीची तक्रार आली नाही, आणि सुनेला सांगायची गरज त्याला वाटली नव्हती.

वीट बसवून तो भिंतीलगतच्या खुर्चीवर टेकला आणि त्याच वेळी मुंगूस आलं. मोरीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. फाटकाखालून आत शिरलं. कोंबड्या कलकलाट करत भिंतीकडे धावल्या, उडाल्या आणि धपाधप खाली पडल्या. पुन्हा उडाल्या, पुन्हा पडल्या. कोंबडा तेवढा भर्रकन भिंतीवर जाऊन बसला. काठी घेऊन म्हातारा पोचेपर्यंत मुंगूस एकीची मान धरून फाटकाबाहेर गेलंही होतं.

तो काठी हातात धरून तसाच उभा राहिला. भिंतीवरच्या कोंबड्याकडे बघितलं, मग खाली धापा टाकणाऱ्या कोंबड्यांकडे. मोरी, जाळी, सरपण, सगळं त्याला डोळ्यांपुढे दिसलं आणि स्वतःचीच भयंकर चीड आली.

संध्याकाळी सून स्वयंपाकाला लागली, तेव्हा तो दाराशी येऊन उभा राहिला.

"पंख मी छाटले त्यांचे," तो म्हणाला. "मुंगूस आधीही येत असणार. कोंबड्या भिंतीवर चढायच्या, ते हात हलवत परत जायचं. मीच त्याला ताट वाढून दिलं."

तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

"माहीत आहे मला. पहिली कोंबडी गेली तेव्हाच परस झाडताना छाटलेली पिसं सापडली. इतकं सरळ दुसरं कोण कापणार?"

त्याचा पारा चढला.

"मग बोलली का नाहीस? मी वेड्यासारखा विटा रचत बसलो, तुझ्या कोंबड्या जात राहिल्या, आणि तू नुसती बघत होतीस?"

"दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या सांगायला आले होते, बाबा. तुम्ही अंथरुणात नव्हता. बाहेर जाळी बांधत होता." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "दुकान बंद झाल्यापासून तुम्हाला आपणहून उठलेलं बघितलं नव्हतं मी."

त्याला आणखी रागवायचं होतं. तो चौकटीचा टवका नखानं उकरू लागला.

"पिसं परत येतात का?"

"येतात. जुनी गळून पडली की. पण बरेच महिने लागतील."

"बरेच महिने," तो स्वतःशीच पुटपुटला. मग खुराड्याची कडी लावायला निघाला, आणि जाता जाता गुरकावला, "उद्या माझा चहा लवकर टाक. तू घराबाहेर पडलीस की लगेच येतं ते मुंगूस."