उंबरठ्यावरचा नारळ

हरिदासने उंबरठ्यावरचा नारळ उचलला आणि रस्त्यापलीकडच्या नालीत भिरकावला. त्यामागून हिरवा खण गेला, मग कुंकवाची पुडी. पुडी हातातच सुटली आणि सगळं कुंकू त्याच्या निळ्या सदऱ्यावर सांडलं. सिंदी स्टेशनावर रात्रभर पॉइंट्समनची ड्युटी करून तो नुकताच दारात आला होता. अजून पायातले बूटही काढले नव्हते.

"अहो, हरिदासभाऊ! मरीमायचं हाये ते!" रस्त्याच्या कडेने कमलाबाई ओरडली. ती बाजारओळीतली, खात्यापित्या घरची. आजवर तिने या वस्तीत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"मंग माह्या दारात काऊन ठेवलं?"

"कुठं ठेवू मंग? तुमच्या प्रमिलाच्या अंगात आली ना! काल योगाच्या वर्गात. मी सोता पाह्यलं, सारं अंग थरथरून राह्यलं होतं. मी कुंकू लावलं, पाया पडली. माह्या सुनेले अजून लेकरू नाई भाऊ. तेवढं इचारून..."

"प्रमिला शाळेत शिकवते."

"असन ना. देवी का शाळा पाह्यते? तुमच्या मायच्या अंगात येतच होती, आता नातीवर आली. ते घर सोडत नसते बाप्पा."

"घरी जा, कमलाबाई."

आवाज मोठा नव्हता, पण कमलाबाई दोन पावलं मागे सरली आणि निघालीच. शेजारच्या ताराचंदने रेडिओ लावला. ताराचंदचा रेडिओ अख्ख्या वस्तीसाठी असे. कोणी तक्रार केली की तो म्हणे, भिंतीपलीकडं जिजाबाई, ते तर रात्रंदिवस जागीच राह्यते, मग माह्या रेडिओनं कोणाची झोप मोडते?

जिजाबाई म्हणजे हरिदासची आई. एके काळी तिच्या अंगात खरोखरच मरीमाय येत असे. मंगळवारी ती केस सोडून अंगणात घुमायची आणि बाजारओळीतल्या बाया तिच्या पायांवर डोकं टेकवायच्या. बुधवारी त्याच बाया तिच्या पदरात वरून भाकर टाकायच्या, हाताला हात लागू नये म्हणून. देवी असली तर पाय चालत होते, नसली तर सावलीही चालत नव्हती. हे बघत हरिदास वाढला. छप्पन साली सगळं घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं तेव्हा त्याने देवीचा टाक, परडी, मोरपिसं एका फडक्यात बांधली आणि मायच्याच हाताने नदीत सोडायला लावली. तरी पुढच्या आषाढात घरात बसल्या बसल्या माय थरथरायला लागली. हरिदासने तिचे दोन्ही दंड धरले, तिला भिंतीला टेकवलं आणि थरथर थांबेपर्यंत सोडलं नाही. त्यानंतर ती कधी हलली नाही. ही गोष्ट तो दर जयंतीच्या सभेत सांगत असे. मी माझ्या मायच्या अंगातली देवी काढली, असं म्हणे, आणि लोक टाळ्या वाजवत. त्या टाळ्यांचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा?

आणि आता तीच देवी नारळ-खण घेऊन दारात उभी. कपडे न बदलता तो तसाच अण्णाजींकडे गेला.

अण्णाजी निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्या अंगणात रोज पहाटे कुंडलिनी योगाचा वर्ग भरे. आज रविवारची सुटी होती आणि ते वर्गाची सतरंजी झटकत होते.

"ये हरिदास. कळलं वाटतं? मुलगी भाग्याची आहे. मी इतकी वर्षं बसतो, माझी शक्ती अजून जागची हलत नाही. हिची काही महिन्यांत उठली." बोलताना त्यांनी सतरंजीला जरा जास्तच जोराचा झटका दिला.

"तिच्या कपायाले कुंकू लावलं तवा तुमी कुठं होते?"

"समोरच होतो."

"अन्?"

"अरे, शक्ती मणक्यातून वर चढते तेव्हा शरीर थरथरतं. यात देवीबिवी काही नाही, हे मी सगळ्यांना शिकवतोच. पण कमलाबाईंची श्रद्धा. तिथं आपण कशाला बोलायचं?"

"तुमी बोलले नाई म्हून नारळ माह्या दारात आला."

अण्णाजींनी डोळे मिटले आणि मंद हसले. "राग फार आहे तुझ्यात. तूही येऊन बसत जा. पाठ ताठ ठेवायची, श्वास खाली न्यायचा. राग निवतो."

त्या हसण्याने हरिदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माह्या रागाले हात लावू नका, अण्णाजी. त्याच्याच भरवशावर माणूस झालो मी."

घरी आला तेव्हा प्रमिला नळावरून पाणी घेऊन नुकतीच आली होती. तिची आई गेल्यापासून घरातलं पाणी, चूल आणि शाळा ती एकटीच ओढत होती. जिजाबाई खाटेवर बसून सुपातली तुरीची डाळ निवडत होती.

"उद्यापासून त्या वर्गात जायचं नाई," हरिदास म्हणाला.

प्रमिलाने पाण्याचा गुंड खाली ठेवला. "काऊन?"

त्याने छातीवरच्या लाल डागाकडे बोट केलं.

"माह्या कपायाचं मी तिथंच पुसलं, बाबा. कमलाबाईले सांगतलं, हे देवी नाई, श्वासानं होते. ते आयकत नाई तर त्यात माहा काय गुन्हा?"

"पण हालाचं काऊन? शिकलेली पोरगी तू! चारचौघात अशी..."

"मी नाई हालत. अंग हालते. पाठीच्या खाली गरम लागते, मंग खांदे थरथरते. मले काई दिसत नाई, मी काई बोलत नाई. जरा रडू येते अन् मोकळं वाटते. मागच्या साली रात रात बसून राहत होती मी, तुमीच पाह्यलं. डॉक्टरनं गोया देल्या, त्यानंबी काई झालं नाई. आता झोपतो मी. शाळेत पोरायवर ओरडत नाई. हे सोडू?"

"झोपीसाठी देवी घरात आणतं?"

"कोणी आणली देवी?" आता प्रमिलाचाही आवाज चढला. "कमलाबाई म्हणते देवी, अन् तुमी म्हणता देवी. मी तर म्हटलंच नाई! तुमच्यात अन् तिच्यात फरक काय मंग?"

हरिदासचा हात उठला. आयुष्यात पहिल्यांदा लेकीवर उठला.

"मोकळं वाटते ते खरं हाये," खाटेवरून जिजाबाई म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. म्हातारी सुपातच बघत होती.

"माय, तू मधात बोलू नको. तुह्या डोक्यात पुन्हा ते खूळ..."

"खूळ नाई रे. देवी तर मी नदीतच सोडून आलती. मलेबी सोडाचीच होती. वरून टाकलेली भाकर मले झेला लागे."

"मंग त्या आषाढात हालली काऊन?"

"देवी नव्हती ते. अंगच हालत होतं." तिने डाळीतला खडा वेचून बाजूला टाकला. "आधीबी तसंच होये. लोक पाया पडे, त्याचं मले काई नव्हतं. हाललं का डोकं हलकं होये, अन् मंग झोप लागे. तेवढीच झोप होती मले. अन् तू धरलं."

"सांगतलं काऊन नाई?"

"तुह्या डोयात लय राग होता. अन् मंग तू सभेत सांगाले लागला. लोक टाया वाजवाले लागले." तिने सूप पाखडलं. "तवापासून नाई लागत झोप."

भिंतीपलीकडे ताराचंदचा रेडिओ कापसाचे भाव सांगत होता. हरिदासचा हात अजून वरच होता. तो त्याने खाली घेतला, वाकून बुटाची नाडी सोडायला लागला, आणि रोजची ती गाठ त्याला काही केल्या सुटेना. मग मोरीत जाऊन त्याने सदरा घासला. दगडावर आपटून आपटून घासला. डाग गेला नाही, नुसता फिका होऊन पसरला. त्याचा राग प्रमिलावर होता, मायवर होता, टाळ्या वाजवणाऱ्यांवर होता. आणि एक धरायला जावं तर दुसऱ्यावर घसरत होता. रात्री डबा घेऊन ड्युटीवर गेला.

सकाळी परतला तेव्हा दार लोटलेलं होतं. त्याने ते ढकललं.

प्रमिला वर्गात गेली नव्हती. तिने घडी घातलेल्या चादरीवर आजीला बसवलं होतं आणि समोर स्वतः बसली होती. "पाठ सरळ, आजी. श्वास पोटातून घे," ती हळू आवाजात सांगत होती. म्हातारीचे डोळे मिटलेले होते आणि खांदे थरथरत होते. मागे भिंत होती, तीच. हरिदासच्या डोक्यात सणक गेली. तो तीरासारखा आत शिरला, दोन्ही हात पुढे झाले, आणि मायच्या दंडांपाशी येऊन थांबले. सुरकुतलेली कातडी हाडावर लोंबत होती. प्रमिलाने त्याच्याकडे पाहिलं, पण ती जागची उठली नाही.

"हरिदासभाऊ! हाये का घरी?" बाहेरून कमलाबाईची हाक आली.

तो झपाट्याने बाहेर आला आणि दार मागे ओढून घेतलं. कमलाबाईच्या हातात नवा नारळ होता आणि पाठीमागे खालमानेने उभी असलेली सून.

"आली का?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"कोण?"

"मरीमाय."

"आत माही माय हाये अन् माही लेक हाये. तिसरं कोणी नाई."

"तसं नाई, पाच मिंटं फक्त..."

"कमलाबाई, हा नारळ घरी ने अन् चटणी कर." मग तो सुनेकडे वळला. "अन् बाई, तू दवाखान्यात जाजो. नवऱ्यालेबी संगं नेजो."

सुनेने पहिल्यांदा मान वर केली. कमलाबाई "देवीचा कोप होईन, पाह्यजा" असं काहीबाही पुटपुटत तिला ओढून घेऊन गेली. हरिदास उंबरठ्यावर बसला, बुटासकट. आतून आधी श्वासांचा आवाज येत राहिला, मग रडण्याचा, मग काहीच नाही. चहाची वेळ टळली तरी तो उठला नाही.

बऱ्याच वेळाने दार थोडं उघडलं. प्रमिला ओठांवर बोट ठेवून उभी होती. तिच्यामागे चादरीवर माय एका कुशीवर कलंडली होती. तोंड उघडं, पदर घसरलेला. बारीक घोरत होती.

तेवढ्यात ताराचंदचा रेडिओ खणखणीत सुरू झाला.

हरिदास ताडकन उठला. शिवी ओठांपर्यंत आली होती. ती त्याने गिळली, आणि बुटांचा आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर धावत ताराचंदच्या घरात घुसून रेडिओचा कान पिळला.

"अरे, अरे, काय करून राह्यला भाऊ?" ताराचंद गडबडून उठला. "रोजच तर लावतो! जिजाबाई जागीच राह्यते ना?"

हरिदासने त्याची कॉलर धरली.

"हळू बोल," तो दात-ओठ खात कुजबुजला. "माय झोपली हाये."