मालन फ्रान्स बघते

"अहो, हे तिसरं. नऊशे वर्षं जुनं आहे म्हणे. दिसतंय का?"

मालनने मोबाइल फिरवला. कुवेतमध्ये रिग्गईतल्या खोलीत, शुक्रवारच्या सुट्टीला पलंगावर बसलेल्या विठ्ठलला दगडी दार दिसलं आणि दाराशेजारी पुन्हा तोच म्हातारा. रेने. समिधाचा, म्हणजे त्यांच्या लेकीचा, शेजारी. फ्रान्सच्या त्या खेड्यातली चार म्हातारी माणसं आज मालनला आसपासची जुनी चर्चं दाखवायला निघाली होती. चार होती, पण विठ्ठलला एकच दिसत होता.

त्याचं अर्धं आयुष्य मीना अब्दुल्ला भागातल्या वर्कशॉपात पंप दुरुस्त करण्यात गेलं. मालनला कुवेत दाखवायचं राहूनच गेलं. आणि हा कोण कुठला उपटसुंभ तिला फ्रान्स दाखवतोय! विठ्ठल जळत होता, आणि आपण जळतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

समिधाच्या हातात मोबाइल देऊन मालन दारातच वाकली आणि बूट काढू लागली.

"आई, इथे काढत नाहीत."

"देवाच्या दारात पायताण? मला नाय जमायचं."

रेनेने हसून आपलेही बूट काढले. मग बाकीच्यांनीही काढले. सगळी मंडळी मोज्यांवर आत गेली. मालनने हात जोडले. विठ्ठलला कौतुक वाटायला हवं होतं. ते काही वाटलं नाही.

बाहेर आल्यावर मालनने रेनेच्या खांद्याला धरून एकेक बूट चढवला. गुहागरच्या बाजारात ती विठ्ठलच्या मागे मागे चालायची. त्यानेही कधी थांबून तिला बरोबर घेतलं नव्हतं, ते सोडा.

तिने मोबाइल परत घेतला. "येत्या आठवड्यात मी गावाला निघते हां. तुमच्या सुट्टीआधी घर झाडून ठेवायला हवं."

"सुट्टीचं काय खरं नाय. फोरमन पुढे ढकल म्हणतोय."

हे साफ खोटं होतं. सुट्टी केव्हाच मंजूर झाली होती. त्याला फक्त तिचा चेहरा पडलेला बघायचा होता.

चेहरा पडला नाही. उलट खुलला.

"मग मी राहू अजून थोडी? समिधा कधीची म्हणतेय. रेनेभाऊ सांगत होते, नदीपलीकडे अजून दोन चर्चं आहेत."

भाऊ म्हणाली, म्हणून विठ्ठलचा जीव भांड्यात पडला. पण एवढी खूश ती त्याच्या सुट्टीत कधी दिसली होती, ते त्याला आठवेना.

"राहा की," तो म्हणाला.

"जेवलात ना?" तिने विचारलं. तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी विठ्ठल फोरमनसमोर जाऊन उभा राहिला.

"नूरुद्दीनभाई, मेरी छुट्टी आगे कर दो."

"पागल है क्या? लोग छुट्टी के लिए रोते हैं. तेरे को घर नहीं जाना?"

"जाना है," विठ्ठल म्हणाला. "घर पे कोई नहीं है."

आणि तो उघडून ठेवलेल्या पंपाकडे वळला.