ऑ आणि ला

"आता ह्या वयात भांडी घासायची तेवढी राहिली होती."

महादेवकाका माझ्याशी बोलत नव्हते, गॅसवरच्या पातेल्याशी बोलत होते. पण आमचं ऑफिस आणि चहाची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची एक फळी आहे आणि ती वरपर्यंत पोचत नाही. त्यामुळे काकांची सगळी बडबड मला बसल्या जागी ऐकायला मिळते.

"पर्यावरण म्हणे. पर्यावरण काय कपात बसलंय? इथे नळाला धड पाणी नाय. माझी पाठ धरते. आणि फुटले म्हणजे?"

"स्टीलचे आणायचेत काका," मी अलीकडून म्हणाले. "फुटत नाहीत."

पलीकडे पातेलं आपटलं. मग उत्तर आलं, "चेपतात."

आमचा कारखाना डहाणूजवळ, आशागडच्या पुढे, चिकूच्या वाड्यांमध्ये. चिकू सोलायचे, चकत्या करायच्या, वाळवायच्या, पाकिटं भरायची. मालक हितेश. त्याच्या वडिलांनी मला बिलं करायला ठेवलं, तेव्हा हा मुलगा टेबलाखाली बसून चिकूच्या बिया मोजायचा. आता त्याला केस कमी आणि काळज्या जास्त झाल्यात. चिकू सोलणाऱ्या, कापणाऱ्या बाया सायवनकडून, तलासरीकडून, आदिवासी पाड्यापाड्यांवरून येतात. त्या ज्या लांब टेबलांवर काम करतात त्याला आम्ही लाइन म्हणतो, आणि हळूहळू त्या बायांनाच लाइन म्हणायला लागलो. "लाइन आली का?" "लाइन जेवतेय."

या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने सांगितलं, तुमचा माल आवडला, पण कारखान्याचं सस्टेनेबिलिटीचं धोरण दाखवा, आणि नुसतं लिहिलेलं नको, चाललेलं दाखवा. ती ऑर्डर मिळाली तर पावसाळ्यातही लाइन चालू राहणार होती. नाहीतर दरवर्षीप्रमाणे पावसात लाइन बंद, आणि बाया काम शोधत वापीपर्यंत. म्हणून सगळ्यांनीच ते धोरण मनावर घेतलं.

हितेशची बायको निशिगंधा त्यात पुढे. हुशार मुलगी, नांदगावची, पण बोलते इंग्रजीतून विचार करून. मला म्हणाली, "नर्मदाताई, मराठीत तुम्ही लिहा. लोकांना कळेल असं."

मी लिहिलं, शाश्वत धोरण. लाइनच्या दाराशी टाचलं. निर्मलाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. ही निर्मला लाइनची मुख्य, सायवनकडची, आवाज असा की वाळवणीची भट्टी चालू असतानाही ऐकू यावा.

"शाश्वत म्हंजे काय, नर्मदाबाय?"

"म्हणजे कायम टिकणारं."

"कायम?" भारती सुरी खाली ठेवून म्हणाली. "कायम करतात का आपल्याला?"

सगळी लाइन हसली. मीही हसले, आणि टाचण्यांची डबी घेऊन ऑफिसात परत आले, कारण धोरणात तसलं कलम नव्हतं.

पण धोरण चाललं बरं का. सालींच्या खताचा खड्डा झाला. चिकू धुतलेलं पाणी नाल्यात जायचं ते झाडांना वळवलं. जेवणाच्या सुट्टीत पंखे बंद करायचे ठरलं, तेव्हा लाइनमधली जानी रोज ऑफिसच्या दाराशी येऊन आमचाही पंखा बंद केलाय का ते पाहून जायची, आणि आम्ही घाम पुसत बसायचो. निशिगंधा रोज काहीतरी मोजायची. किती वीज, किती पाणी, किती वाया गेलं. राहिले कागदी कप. रोज एक गोणी भरायची, संध्याकाळी मागे जाळायचे, आणि तो वास पाकिटांना लागतो म्हणून पॅकिंगवाले कुरकुरायचे.

तर कप बंद, स्टीलचे ग्लास सुरू. आणि इथेच काकांची पाठ धरली.

मला माहीत होतं ते हे, की काकांच्या घरी काकी अंथरुणाला खिळल्यापासून सगळी भांडी तेच घासतात. स्वयंपाक, धुणं, तिचं अंग पुसणं, सगळं करून, पांढरा शर्ट इस्त्री करून, वेळेवर कामाला येतात. त्या पाठीने कधी तक्रार केली नव्हती. आम्ही दोघं किनाऱ्याकडचे, वाडीवाल्या घरांतले. त्यांची वाडी भावाभावांत वाटली गेली, मग विकली गेली. आता तिथे मुंबईकरांसाठी रिसॉर्ट आहे, तरी काका अजून "आमच्या वाडीत" असंच म्हणतात. कारखान्यात चहा करतात हे नातेवाइकांना सांगत नाहीत, "देखरेखीला असतो" म्हणतात. पण चहा असा करतात की मुंबईचं गिऱ्हाईक आलं होतं ते दोनदा मागून प्यायलं. गवती चहा घरच्या परसातून आणतात. आलं ठेचतात, किसत नाहीत. किसलेल्या आल्याला ते चहाचा अपमान समजतात.

ग्लास आणायला मी आणि काका डहाणू रोडला भांडीवाल्याकडे गेलो. दुकानदाराने ग्लास मोजून दिले, नाव घालायचं मशीन हातात घेतलं आणि विचारलं, "काय घालू?"

मी कारखान्याचं नाव सांगणार तोच काका म्हणाले, "अर्ध्यांवर ऑ घाल. अर्ध्यांवर ला."

"म्हणजे?"

"ऑफिस आणि लाइन. मोजायला बरं पडतं. हरवला तर कुणाचा ते कळतं."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी वर टांगलेले कुकर पाहिले. मशीन घरघरलं. ऑ, ऑ, ऑ. मग ला, ला, ला. येताना रिक्षात ती पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये होती, आणि काका अख्ख्या रस्त्यात आंबा यंदा कसा आहे यावर बोलले.

दुसऱ्या दिवशी दोन मांडण्याही झाल्या. ऑ आतल्या मोरीपाशी, ते काका धुणार. ला बाहेरच्या नळापाशी, ते ज्याचे त्याने धुवायचे. हितेशने पाहिलं आणि म्हणाला, "वा, सिस्टिम लावली काकांनी." निशिगंधाने फोटो काढला. फोटोत ग्लास फार छान चमकत होते.

लाइनला चहा गेला. निर्मलाने ग्लास उचलला, फिरवून पाहिला.

"ला म्हंजे काय, काका? लांब?"

"लाइन," काका किटलीतच बघत म्हणाले.

"असं होय," म्हणून तिने ग्लास खाली ठेवला. "मला नको आज. ऊन लय हाय."

ही निर्मला भर मे महिन्यात दोन-दोन कप पिणारी. काकांना रोज म्हणणारी, तुमच्या चहात साखर कमी नि शिव्या जास्त. भारतीलाही नको होता, तिला पित्त झालं होतं. जानी म्हणाली, "माझा उपास हाय."

"कसला?"

"चहाचा."

कुणी हसलं नाही. काका भरलेली किटली घेऊन परत आले आणि मागे जाऊन झाडाच्या बुंध्याशी ती ओतली.

मला वाटलं, एका दिवसाचं आहे. पण दुसऱ्या दिवशीही ऊन होतं, तिसऱ्या दिवशीही पित्त होतं. मग विवळवेढ्याची जत्रा आली, बाया दोन दिवस महालक्ष्मीला जाऊन आल्या, हातात नव्या बांगड्या, तोंडात जत्रेच्या गप्पा, काकांसाठीसुद्धा प्रसादाचं खोबरं आणलं. काकांनी ते कपाळाला लावून खाल्लं. चहा मात्र कुणी घेतला नाही. भांडण नाही, तोंड वाकडं नाही. काम चोख. सुट्टीत नळाचं पाणी ओंजळीने प्यायच्या. ती ला लिहिलेल्या ग्लासांची चळत नळापाशी तशीच चमकत उभी, ओली न होता.

काकांनी चहात वेलची घातली. मग साखर वाढवली. मग एक दिवस फळीपलीकडून त्यांनी मला विचारलं, "नर्मदा, चहा बिघडतोय का गं माझा?"

"नाही काका."

"मग?"

मी कीबोर्डवर उगीच काहीतरी टाइप केलं. त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. लाइनला तर सगळ्यात आधी कळलं होतं. कारखान्यात माहीत नसलेली दोनच माणसं होती, आणि नेमके ते मालक-मालकीण होते.

शेवटी निशिगंधाच्या मोजण्यात ते आलंच. रोज एवढा चहा झाडाच्या बुंध्याशी ओतला जातोय, म्हणजे दूध वाया, गॅस वाया, आणि गिऱ्हाइकाची माणसं सोमवारी बघायला येणार. शनिवारी काम संपल्यावर पॅकिंगच्या खोलीत सभा बोलावली. बाया खोक्यांवर टेकल्या, आम्ही खुर्च्यांवर. काका दारात किटली घेऊन उभे. सभेला चहा लागतो, म्हणून केला होता.

हितेश म्हणाला, "बाकी सगळं मस्त चाललंय. तुम्ही सगळ्यांनी मनावर घेतलंत, आय मीन इट. पण हा चहाचा काय प्रॉब्लेम आहे?"

पंखा फिरत होता. तो बंद करायची वेळ नव्हती, नाहीतर जानीने तेवढंच निमित्त साधलं असतं.

"सांगा ना. नर्मदाताई?"

"ऊन फार आहे," मी म्हणाले. माझ्या तोंडून भारतीचं पित्त तेवढं बाहेर पडायचं राहिलं.

हितेश वैतागला नाही, उलट त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "बघा, काकांचंही वय झालंय. धुवायचा त्रास होतो म्हणतात. चव पण रोज सारखी जमत नसेल. आपण मशीन बसवू. बटण दाबलं की चहा. काकांना आराम."

"त्याच्याबरोबर कागदी कप येतात," निशिगंधा हळूच म्हणाली.

"ते बघू गं. पण काकांना आता..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही, पण खोलीतल्या सगळ्यांनी ते आपापल्या मनात पुरं केलं. काकांनी किटली दुसऱ्या हातात घेतली. घरी काकी होती. इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी कुठे जायचं, आणि नातेवाइकांना आता कसली देखरेख सांगायची, हे मला बसल्या जागी त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

हितेश निर्मलाकडे वळला. "तू लाइनची मुख्य. तू स्पष्ट सांग. काकांचा चहा खराब असतो का? हो म्हण, मी उद्याच मशीनवाल्याला फोन करतो. कुणी तुला काही बोलणार नाही."

किती सोपं होतं. एक 'हो' म्हटलं की तो ग्लास गेला, मोरी गेली, नळ गेला, आणि ज्याने ते सगळं मांडलं तोही गेला. सोमवारची पाहणी नीट झाली असती, पावसाळ्याचं काम पदरात पडलं असतं. भारती तिच्याकडे बघत होती. जानी बघत होती. मीही बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, म्हण बाई, तुझं काय चुकलंय.

निर्मला खोक्यावरून उठली, पदर खोचला.

"चहा खराब नाय," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. असा चहा आमच्याकडे कुणालाच जमत नाय. मी घरी दोनदा करून बघितला, नाय जमला."

"मग पीत का नाहीस?"

तिने काकांकडे पाहिलं. रागाने नाही. बसथांब्यावर ओळखीचं माणूस दिसलं आणि ते आपल्याशी बोलतंय की नाही याची वाट पाहावी, तसं.

"मला काय इचारता," ती म्हणाली आणि परत खाली बसली.

हितेशला काही उमगेना. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी निशिगंधाकडे, निशिगंधाने आपल्या बोटांकडे. बहुतेक तिला तेव्हाच त्या फोटोतली अक्षरं वाचता आली असावीत, कारण तिचा चेहरा उतरला. बाहेर कुणीतरी टेम्पो सुरू केला, बंद केला.

काकांनी किटली टेबलावर ठेवली. शर्टाला हात पुसले, जरी ते ओले नव्हते. ते हितेशशी बोलतील असं मला वाटलं, तो मालक. पण ते त्याच्या खुर्चीशेजारून पुढे गेले आणि खोक्यांसमोर जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी त्या बायांना 'ए लाइन' याखेरीज कुठल्या नावाने हाक मारली नव्हती.

"निर्मलाबाय," ते म्हणाले, आणि जरा मोठ्याने पुन्हा म्हणाले, "निर्मलाबाय, पाठ नाय धरत माझी. पाण्याचंही काय नाय. तुमचं उष्टं धुवायला हात जात नव्हता माझा. म्हणून केले ते ग्लास वेगळे."