बाबनरावांचा हात

समुद्राखालच्या तेलविहिरींसाठी आपोआप वळणारा ड्रिल बनवायचा आणि चाचणी घ्यायची कुठं, तर कन्हानजवळच्या बंद पडलेल्या दगडखाणीत! यंत्राचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मयुरीला कधीकधी याचं हसूच यायचं. पण खडक तो खडक. यंत्रानं वरून तिरकं शिरायचं, पोटात वळण घ्यायचं आणि खाणीच्या भिंतीवर काढलेल्या चुन्याच्या गोलातून बाहेर यायचं. माणसानं बोटही लावायचं नाही. तीन वेळा जमलं होतं. आज मुंबईहून तेल कंपनीचे विहंग साहेब बघायला येणार होते. पसंत पडलं तर काम पुढं चालणार, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

सकाळी जुन्या नोंदी चाळताना ती एका जागी थबकली. तिन्ही वेळा कडक खडक लागताच ड्रिलवरचा दाब क्षणभर उतरला होता, आणि तिच्या प्रोग्रॅमनं तसं सांगितलंच नव्हतं. अडीअडचणीला हातानं दाब कमी करायच्या दांड्याजवळ कोण उभं असतं? पस्तीस वर्षं बोअरवेल खोदलेले बाबनराव.

"काका, तुम्ही दांडा उचलला?"

"उचलला ना. आवाज बदलला का हात आपसूकच जाते वं. काहून, चुकलं का?"

चुकलं का म्हणे! मयुरीला रागही आला आणि रडूही. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण समुद्रात दांड्याजवळ बाबनराव थोडेच असणार? साहेब गाडीतून उतरताच तिनं सगळं सांगून टाकलं, काकांना लांब बसवलं आणि यंत्र एकटं सोडलं. कडक खडकावर घसरून ते गोल चुकवून चांगलं हातभर बाजूला निघालं.

"म्हणजे खरी अक्कल यांच्या हातात आहे," साहेब म्हणाले. "ती मोजून यंत्राला शिकवता येईल? मोजून दाखवा आजच, तरच पुढचं बोलू."

मयुरीनं दांड्याला सेन्सर बांधला. दुपारी नवं भोक सुरू झालं. कडक खडक लागला, ड्रिल किंचाळायला लागला, सगळे टक लावून पाहत होते आणि बाबनरावांचा हात ढिम्म!

"काका, उचला ना!"

"कसा उचलू? सारे माह्या हाताकडंच पाहून राहिले! काय करत होतो, मलेच आठवून नाही राहिलं."

आता आली का पंचाईत! "सगळ्यांनी काकांकडं पाठ करा," मयुरी ओरडली. "साहेब, तुम्हीसुद्धा."

साहेब मुकाट्यानं वळले. मयुरीही पाठ फिरवून लॅपटॉप घेऊन बसली. ड्रिल तो थर पार करून मऊ खडकात शिरला. मग पुन्हा कडक खडक लागला, आवाज बदलला आणि स्क्रीनवरची दाबाची रेघ टुणकन खाली आली, आकड्यासकट.

"आला! काका, आला!" ती किंचाळली.

साहेब दचकून मागं वळू लागले.

"वळू नका," मयुरी म्हणाली. "पुढं अजून कडक थर आहे."